म्हापशातील कल्हईचे दुकान आणि राखणीचे काम

म्हापशाच्या बाजारपेठेमागे, जिथे शुक्रवारी पाय ठेवायला जागा नसते आणि इतर दिवशी स्कूटर थेट दाराशी उभी करता येते, अशा एका गल्लीत तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करून देणारे एक लहानसे दुकान अजून चालू आहे. त्याला पाटी नाही, छापील दरपत्रक नाही, आणि कारागीर प्रसिद्धीला नाखूश असल्यामुळे त्यांचे नाव मी येथे देत नाही. बाजारातल्या कोणत्याही भांडीवाल्याला विचारले तर तो बोट दाखवील. आमच्या घरचे टोप, घागरी आणि पातेली बरीच वर्षे तिथेच जातात. काम उत्तम, दर वाजवी आणि सांगितलेला दिवस बेभरवशाचा, असे माझे मत आहे, आणि ज्यांना तेवढेच हवे असेल त्यांनी येथेच थांबावयास हरकत नाही. बाकीचा मजकूर लिहिण्याचे कारण वेगळे आहे. माणसाचे रोजचे काम म्हणजे ईश्वराच्या सर्जनाचे प्रतिबिंब, हे आपण कीर्तनात ऐकतो आणि आपले ख्रिस्ती शेजारी चर्चमधील प्रवचनात ऐकतात. पण ते सांगताना दृष्टान्त नेहमी कुंभाराचा, मूर्तिकाराचा, फार तर सुताराचा दिला जातो, म्हणजे जो काही नवे घडवतो त्याचा. कल्हईवाला नवे काहीच घडवत नाही. त्याच्या कामात ईश्वराचे कोणते काम दिसते, हा प्रश्न मला या दुकानात उभे राहून पडला आणि त्याचे उत्तरही मला तिथेच सापडले असे वाटते.

प्रथम कल्हई कशासाठी हे सांगणे आवश्यक आहे, कारण स्टीलच्या भांड्यांत वाढलेल्या पिढीला हा खर्च निव्वळ हौसेचा वाटतो. तांबे उष्णता फार चांगली वाहून नेते, त्यामुळे टोपात अन्न सगळीकडून सारखे शिजते आणि एकाच जागी बुडाला लागत नाही. मात्र आंबटाशी गाठ पडली की तांब्याचे क्षार अन्नात उतरतात. गोव्याच्या स्वयंपाकात सोलां (कोकम), चिंच, कैरी किंवा ताक नाही असा दिवस विरळाच. कल्हई गेलेल्या भांड्यात खतखते शिजवले किंवा ताक ठेवले तर ते कळकते, त्याला हिरवट झाक येते, जीभ तुरट होते, आणि असे अन्न अधिक प्रमाणात पोटात गेल्यास मळमळ व उलट्या होतात. कथील मात्र स्वयंपाकातल्या आंबटापुढे टिकून राहते, म्हणून तांब्याला आतून त्याचा पातळ थर द्यायचा. हा थर कायमचा नसतो. घासून घासून तो झिजतो, खालचे तांबे लालसर डोकावू लागते, आणि भांडे घेऊन पुन्हा बाजाराची वाट धरावी लागते.

दुकानातील कामाची पद्धत जुनीच आहे. हाताच्या भात्याच्या जागी विजेचा ब्लोअर आला, एवढाच काय तो बदल. भांडे आले की आधी त्याचे पोचे काढतात. मग आतला जुना थर, तेलकटपणा आणि काळवंडलेला भाग राख व वाळू लावून घासायला घेतात, आणि तांबे अगदी उघडे, गुलाबी दिसेपर्यंत हे घासणे चालते. थांबलेल्या गिऱ्हाइकाला हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण कल्हई टिकणार की नाही हे इथेच ठरते. नंतर सांडशीत धरलेले भांडे कोळशाच्या भट्टीवर फिरवत तापवतात. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते आणि तांबे १०८५ अंशांना. काम करायचे ते यातल्या खालच्या आकड्याच्या जरासे वर राहून, आणि कारागिराजवळ तापमापक नाही. नवसागराची (अमोनियम क्लोराइडची) चिमूट आत टाकली की पांढऱ्या धुराचा लोट उठतो. उष्णतेने नवसागराचे विघटन होऊन त्यातून जे आम्ल सुटते ते तांब्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा खाऊन टाकते, आणि त्याच क्षणी टेकवलेल्या कथलाच्या कांडीचे टोक वितळून भांड्यात एक चकचकीत थेंब उतरतो. कापसाच्या बोळ्याने हा थेंब बुडापासून काठापर्यंत ओढत न्यायचा. मी अगदी जवळ उभी राहून पाहिले आहे: बोळा फिरतो तसतसे गुलाबी तांबे मागे हटते, पांढरी, ओली चमक पुढे सरकते, आणि काठाशी एखादा ठिपका उघडा राहिला तर पुन्हा थोडा नवसागर, पुन्हा कांडीचा एक स्पर्श आणि बोळ्याची एक फेरी. हे सगळे फार थोड्या वेळात उरकावे लागते, कारण भांडे निवले तर कथलाच्या गुठळ्या होतात आणि फाजील तापले तर थर पिवळट पडतो. शेवटी भांडे पाण्यात जाते आणि चर्र आवाज होतो. जिथे कथील आणि तांबे भेटतात तिथे दोन्ही धातूंचा मिळून एक अतिशय पातळ मिश्रथर तयार झालेला असतो. नीट केलेली कल्हई नखाने खरवडून निघत नाही ती त्यामुळे.

या दुकानाचे खरे वैशिष्ट्य मात्र यानंतर दिसते. भांडे पुसून झाल्यावर मामा (बाजारात सगळे त्यांना असेच हाक मारतात) ते घेऊन दाराशी उजेडात येतात, तिरपे धरतात, आणि काही न बोलता आत पाहत राहतात. आमच्या मोठ्या टोपात मला काहीही उणे दिसत नव्हते, मी पैसे काढून हातात धरले होते, तरी त्यांनी टोप परत भट्टीकडे नेला. “आज नको, बाय. बुडाला एक जागा पातळ आहे,” एवढेच ते म्हणाले आणि दुसऱ्या भांड्याकडे वळले. मला त्या दिवशी टोप न घेता घरी जावे लागले याचा राग आला होता, हे खरे. बायबलमधील उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात ईश्वर सृष्टी घडवताना टप्प्याटप्प्याला थांबून केलेले काम पाहतो, आणि ते चांगले असल्याचे वाक्य पुन्हा पुन्हा येते. गोव्याच्या मराठी वाचकाला ही कथा परकी नाही. इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ साली गोव्यातच रायतूर येथे छापलेल्या ख्रिस्तपुराणात ती मराठी ओव्यांतून आली आहे. मूळ हिब्रू पाठात गंमत अशी की दुसऱ्या दिवशी, जेव्हा वरचे पाणी आणि खालचे पाणी वेगळे केले जाते, तेव्हा तेवढे ते वाक्य येत नाही. अकराव्या शतकातील ज्यू भाष्यकार राशी यांनी याचे कारण असे दिले आहे की पाण्याचे काम त्या दिवशी पुरे झाले नव्हते, ते तिसऱ्या दिवशी पुरे झाले, आणि जे पुरे झालेले नाही त्याला चांगले म्हणता येत नाही. मामांनी हे भाष्य वाचलेले नाही, परंतु टोप मला का मिळाला नाही याचे याहून नेमके कारण मला कोणी देऊ शकले नसते. काम करणाऱ्याने आपले काम स्वतः उजेडात धरून पाहणे, आणि गिऱ्हाईक समाधानी असतानाही स्वतःचा निर्णय न बदलणे, ही मला ईश्वरी कामाशी असलेल्या साम्याची पहिली खूण वाटते.

दुसरी खूण अधिक महत्त्वाची आहे. आपल्या परंपरेत उत्पत्ती, स्थिती आणि लय अशी ईश्वरी कार्याची विभागणी आहे, आणि लोकांची भक्ती कोणत्या बाजूला झुकते हे देवळांकडे पाहून कळते. ब्रह्मदेवाचे देऊळ गोव्यात सत्तरी तालुक्यातील ब्रह्मकरमळी येथे आहे आणि ते दुर्मीळ म्हणूनच लोक मुद्दाम पाहायला जातात. राखण करणाऱ्या, सांभाळणाऱ्या देवतांची देवळे मात्र गावोगाव आहेत. म्हणजे नवस बोलताना आपल्याला सांभाळणारा देव आठवतो आणि कामाचे तत्त्वज्ञान सांगताना फक्त घडवणारा. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो की तिन्ही लोकांत मला करावे लागेल असे काहीच नाही, मिळवायचे राहिले आहे असेही काही नाही, तरीही मी कर्मात वागतो. मी कर्म केले नाही तर हे लोक नष्ट होतील. येथे सृष्टी निर्माण करण्याचा उल्लेख नाही. जे आहे ते मोडून पडू नये म्हणून चाललेले, कधीही न संपणारे काम येथे अभिप्रेत आहे. बायबलमधील उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातही पहिल्या माणसाला बागेत ठेवले जाते ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी, आणि हे सांगितले जाते ते आज्ञाभंगानंतर आलेल्या शापाच्या व घामाच्या आधी. काम ही शिक्षा म्हणून नंतर आलेली गोष्ट नव्हे, असा त्याचा सरळ अर्थ होतो. योहानाच्या शुभवर्तमानात येशूचे प्रसिद्ध वाक्य आहे की माझा पिता अजूनपर्यंत काम करीत आहे आणि मीही काम करीत आहे. ते वाक्य कोणत्या प्रसंगी आले हे प्रवचनांत क्वचितच ठसवले जाते: अडतीस वर्षे आजारी असलेल्या एका माणसाला त्याने शब्बाथाच्या दिवशी बरे केले होते, आणि विश्रांतीच्या दिवशी हे काम का केले, असा आक्षेप होता. नवा माणूस घडवलेला नव्हता. असलेल्या माणसाची दुरुस्ती झाली होती, आणि त्या दुरुस्तीचे नाते येशूने थेट पित्याच्या चालू कामाशी जोडले.

तेराव्या शतकात ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस यांनी हाच मुद्दा तत्त्वज्ञानाच्या भाषेत मांडला आहे. वस्तूंना टिकवून धरणे ही ईश्वराची निराळी कृती नसून त्यांना अस्तित्व देण्याच्या कृतीचेच ते सातत्य आहे, असे ते म्हणतात. सूर्य मावळला की हवेतला उजेड मागे राहत नाही, तसे ईश्वराने हात काढून घेतला तर वस्तू मागे राहणार नाहीत. येथे उपमेला मर्यादा पडते हे मान्य केले पाहिजे, कारण मामा संध्याकाळी दुकान बंद करून घरी गेले तरी माझा टोप नाहीसा होत नाही. त्यांचे काम टिकवण्याचे आहे, अस्तित्व देण्याचे नाही. परंतु भांडे नुसते असणे आणि ते स्वयंपाकाच्या उपयोगाचे असणे यांत अंतर आहे. कल्हई गेलेला टोप असतो, पण त्यात सोलांची आमटी करता येत नाही. आजीच्या काळातला तो टोप आज आमच्या चुलीवर चढतो तो ज्याने तो एकदा घडवला त्याच्या जितका, तितकाच ज्यांनी ज्यांनी त्याला मधल्या काळात पुन्हा पुन्हा कथील दिले त्यांच्यामुळे, आणि त्यांच्यापैकी कोणाचीही खूण त्यावर नाही. घर झाडणे, भांडी घासणे, विहिरीचा गाळ काढणे, खाजनातल्या (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीतल्या) बांधाची डागडुजी करणे, ही सगळी कामे याच वर्गातली आहेत, आणि गोव्यातल्या खाजन शेतीला तर बांध एक वर्ष दुर्लक्षिला तरी खाऱ्या पाण्याखाली जाण्याची भीती असते. जगातल्या श्रमांचा मोठा वाटा राखणीचा आहे. ज्या विचारात त्याला जागा नाही, तो विचार मूठभर कलावंतांचे कौतुक करण्यापुरताच राहतो.

आता धुराविषयी. नवसागराचा धूर घसा धरतो, डोळ्यांत पाणी आणतो, आणि लांबून कल्हई पाहायला आवडणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला तो क्षणभर सहन करायचा असतो. मामांना तो दिवसभर. दुकानाला मागच्या बाजूने खिडकी आहे, पुढचे दार उघडे असते, याहून अधिक व्यवस्था नाही, आणि तोंडाला ते केवळ पंचा बांधतात. गीतेच्या अठराव्या अध्यायात म्हटले आहे की अग्नी जसा धुराने तसे सगळेच उद्योग कोणत्या ना कोणत्या दोषाने वेढलेले असतात, म्हणून सहज प्राप्त झालेले कर्म सदोष असले तरी टाकू नये. या श्लोकाचा आधार घेऊन माणसांना जन्माने मिळालेल्या धंद्याशी बांधून ठेवले गेले हा इतिहास आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. मामांचा मुलगा एका हॉटेलात नोकरीला आहे, वडिलांचा धंदा तो पुढे चालवणार नाही, आणि मला त्यात काहीच गैर वाटत नाही. काम ही पूजा आहे, असे भिंतीवर लावून मजुरीत घासाघीस करणारी माणसेही मी पुष्कळ पाहिली आहेत. १९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी श्रमावर लिहिलेल्या परिपत्रकात अगदी साधी, रोजची कामे करणारेही निर्मात्याच्या कार्यात सहभागी असतात असे म्हटले आहे, आणि त्याच परिपत्रकात योग्य वेतनाचा आग्रहही आहे. या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडल्या तर पहिलीला काही अर्थ उरत नाही. म्हणून कल्हई करून घेणाऱ्यांना माझे सांगणे असे की मामा सांगतील तो दर द्यावा. मध्यम टोपाला मी गेल्या खेपेस तीनशे रुपये दिले. कथलाचा भाव किलोला हजारांत आहे, आणि अर्धा दिवस त्या धुरात उभे राहण्याचे मोल त्यात धरले तर हा दर कमीच म्हणावा लागेल.

स्वस्त कल्हईपासून सावध राहिले पाहिजे ते आणखी एका कारणाने. शिसे कथलापेक्षा पुष्कळ स्वस्त असते, आणि कथलात शिसे मिसळून दिलेली कल्हई नव्याने पाहणाऱ्याला तशीच पांढरी दिसते. शिसे मात्र अन्नातून शरीरात साठत जाते आणि मुलांच्या मेंदूला ते विशेष घातक असते. या दुकानात विचारले तर मामा कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवून दाखवतात. शुद्ध कथील वाकताना करकर असा बारीक आवाज करते, आतले स्फटिक आपली ठेवण बदलतात त्याचा तो आवाज, आणि शिशाचे प्रमाण वाढते तसा तो मंदावतो. ही परीक्षा प्रयोगशाळेची बरोबरी करणार नाही, पण विचारल्यावर जो कारागीर आनंदाने कांडी पुढे करतो त्याच्याकडे भांडे द्यायला मला धीर होतो.

गिऱ्हाईक म्हणाल तर सर्व प्रकारचे येते. चतुर्थीच्या आधी घरोघरची पातेली आणि देवळातल्या महाप्रसादाची मोठी भांडी येतात; नाताळच्या आधी दोदोल ही मिठाई आटवायच्या रुंद कायली घेऊन ख्रिस्ती बायका येतात, आणि नारळाचा रस व गूळ तासन् तास ढवळताना बूड कसे असावे यावर मामांशी त्यांची चर्चा ऐकण्यासारखी असते. हॉटेलांची सजावटीची भांडीही मध्येच येऊन पडतात, ज्यांना आतून कल्हई नको असते, फक्त बाहेरून चकाकी हवी असते. तशी कामे मामा घेतात, परंतु ती शेवटी करतात. धंद्याच्या दृष्टीने हा शहाणपणा नसेल. मला तो क्रम बरोबर वाटतो.

उणिवा ज्या आहेत त्या स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. दिलेली तारीख ही अंदाज म्हणून घ्यावी आणि घरातले एकमेव भांडे तिथे टाकू नये. पावती मिळत नाही, त्यामुळे भांड्यावर नाव कोरलेले नसेल तर धाग्याने खूण बांधून द्यावी. एकसारख्या टोपांची अदलाबदल तिथे सहज होऊ शकते. बाहेरची काजळी ते वरवरच काढतात, आणि आरशासारखे तांबे हवे असणाऱ्यांची निराशा होईल. फोनवर चौकशी होत नाही. पैसे मोबाइलवरून देता येतात. शुक्रवारी जाऊ नये, चतुर्थी आणि नाताळच्या आधीचे पंधरवडे टाळावेत, आणि खंडेनवमीला सांडशी, हातोडी व भट्टीची पूजा असल्याने दुकान उघडे असले तरी काम बंद असते. कल्हई केलेले भांडे रिकामे असताना जाळावर ठेवू नये, आतला थर वितळून ओघळतो. लोखंडी झारा आणि तारेची घासणी यांपासूनही ते दूर ठेवावे, लाकडी डाव आणि नारळाची शेंडी पुरते. टोप नेताना त्याचे झाकणही बरोबर न्यावे, कारण झाकणाला आतून कल्हई करायचे मामा वेगळे पैसे घेत नाहीत.